खाडीकाठावरून जिताडा: माघ ते वैशाख, तापत जाणाऱ्या पाण्यात गरी कशी टाकावी

जिताडा गरवण्यासाठी मुंबईत होडी लागत नाही. मनोरी-गोराईची खाडी, वेसावे-मढचा काठ, घोडबंदरपासून नायगावपर्यंतची वसईची खाडी, पलीकडे उरण-करंजाचे फाटे, अशा ठिकाणी काठावर उभं राहून चांगला मासा मिळतो. बाजारात याला कुणी खजुरी म्हणतं, कुणी जिताडा. इंग्रजी पुस्तकांत तो आशियाई सी बास. अमेरिकेतले गळवाले वसंतात बासमागे लागतात, कारण त्यांच्याकडे बर्फाळ पाणी तापून १६-१८ अंशांवर आलं की मासा अंडी घालायला उथळात येतो. आपला जिताडा अंडी घालतो पावसाळ्यात, खाडीच्या मुखाशी. म्हणून इथे वसंत म्हणजे त्याच्या खाण्याचे दिवस. थंडीत सुस्तावलेला मासा पाणी तापू लागलं की शिकारीला निघतो आणि पावसाच्या आत अंग भरून घेतो.

नवख्यांना बहुतेक जण आधी रॉड कुठला घ्यावा ते सांगतात. मी आधी पाणी सांगणार आहे. साधा रॉड आणि बरोबर पाणी असेल तर मासा मिळतो, उलट असेल तर मिळत नाही.

पहिली पायरी: भरतीची वेळ तोंडपाठ करा

कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब शिकून घ्या. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. कृष्णपक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. दिवसातून दोन भरत्या येतात, त्यामुळे ही वेळ दुपारची धरा किंवा रात्रीची, सकाळची धरा किंवा संध्याकाळची, दोन्ही लागू पडतात. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते आणि दुसऱ्या दिवशी सगळं सुमारे ५० मिनिटं पुढे सरकतं. हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो. म्हणून निघण्याआधी मोबाइलवर भरतीचं कोष्टक पाहाच. छापील कोष्टकातली मुंबईची वेळ अपोलो बंदरची असते. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. तुमच्या जागी किती उशिरा, ते पहिल्या दोन-तीन खेपांत घड्याळ लावून टिपून ठेवा.

आता यातून जे निघतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या आसपास जातो, पाणी जोरात धावतं आणि गाळाने गढूळ होतं. अष्टमी-नवमीच्या पुढेमागे भांगाचं पाणी असतं. तेव्हा फरक जेमतेम दीड-दोन मीटरचा, ओढ कमी आणि पाणी त्या मानाने निवळ. हे कुठल्याही किनाऱ्यावर खरं आहे. मुंबईची खासियत पुढे आहे. इथे उधाणाची भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्री येते, ओहोटी सकाळ-संध्याकाळी. भांगाची भरती मात्र पहाटे आणि तिन्हीसांजेला येते, ओहोटी भर दुपारी.

म्हणजे उधाणाच्या दिवशी सकाळी खाडीचा गाळ उघडा पडतो, त्यावर तीन-चार तास ऊन पडतं, मग दुपारी पाणी त्या तापलेल्या गाळावर चढतं. भांगाच्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी काठोकाठ थंड पाणी असतं. थंडी सरताना आपल्याला यातलं पहिलं हवं, उन्हाळा चढल्यावर दुसरं.

दुसरी पायरी: पाणी मोजा

मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा साधा थर्मामीटर सुतळीला बांधा, बरोबर एक छोटं शिसं. हाताने पाणी चाचपून अंदाज बांधू नका. पहाटेच्या गार हवेत तेच पाणी कोमट लागतं आणि दुपारी गार. काठाशी एकदा आणि जमेल तितकं खोल सोडून एकदा, असं दोन ठिकाणी मोजा. वहीत तारीख, तिथी, वेळ आणि दोन्ही आकडे लिहा.

मुंबईजवळचं समुद्राचं पाणी जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्यात थंड असतं, साधारण २४-२५ अंश. मेपर्यंत ते तिशीपर्यंत चढतं. उथळ खाडीत हा चढउतार जास्त, कारण तिथलं पाणी रात्री लवकर निवतं आणि दुपारी लवकर तापतं. जिताडा उष्ण पाण्यातला मासा आहे. २४-२५ च्या खाली त्याची भूक मंदावते, २६ पासून तो हालचाल करू लागतो आणि २८ ते ३० मध्ये तो सगळ्यात जोरात असतो. त्याहून फार वर पाणी गेलं की भूक राहते, पण उथळ, थांबलेल्या पाण्यात प्राणवायू कमी होतो आणि मासा तिथून सरकतो.

महाशिवरात्र घ्या. माघ कृष्ण चतुर्दशी, म्हणजे भरती साडेदहाच्या सुमारास आणि उधाण जवळ. सकाळी गाळ थोडा तापलेला, त्यावर पाणी चढलेलं, आणि दुपारी बारानंतर ते कोमट पाणी ओहोळांतून मुख्य खाडीत परत येऊ लागतं. या दिवसांत पहाटे जाऊन कुडकुडण्यात अर्थ नाही. दुपारी १२ ते ४, उतरत्या पाण्यात उभे राहा. मुख्य खाडीत २४ आणि ओहोळाच्या तोंडाशी २६ भरलं, तर मासा कुठे असेल हे वेगळं विचारायला नको.

होळीला पौर्णिमा, म्हणजे पुन्हा उधाण. भरती दुपारी बाराच्या आत-बाहेर. तोवर पाणी सगळीकडेच २६-२७ झालेलं असतं, त्यामुळे उतरत्या पाण्याचा नियम चालतो, पण गाळ इतका उठतो की ल्यूर (खोटं आमिष) दिसत नाही. त्या दोन-तीन दिवसांत जिवंत आमिष लावा किंवा सरळ पाच-सहा दिवस थांबा. माझ्या मते नवख्या माणसाने थांबावं.

रामनवमी हा माझा आवडता दिवस. नवमी, म्हणजे भांगाचं पाणी, भरती पावणेसातच्या सुमारास सकाळी आणि तशीच संध्याकाळी. पाणी २८ च्या आसपास, निवळ, ओढ आटोक्यात. उजाडायच्या अर्धा तास आधी जागेवर पोचा. भरतीचा शेवटचा तास आणि ओहोटीचा पहिला तास, एवढाच वेळ मन लावून गरवा. नवीन माणसाला पहिला मासा मिळण्याची सगळ्यात मोठी शक्यता चैत्रातल्या अशा भांगाच्या सकाळी असते, असं मी खात्रीने सांगेन.

वैशाखात दुपार सोडून द्या. पहाट, संध्याकाळ आणि रात्र. भांगात पाणी फार संथ वाटलं तर त्याच्या आदल्या-नंतरच्या दिवशी जा, थोडी ओढ असू दे. तापलेल्या पाण्यात वाहतं पाणी हाच माशाचा आधार असतो. सावली आणि खोली जिथे एकत्र येतात तिथे, म्हणजे तिवरांच्या कडेच्या खोल वळणाशी, तो दिवसभर दबा धरून राहतो.

वाऱ्याकडेही लक्ष ठेवा. फाल्गुन-चैत्रात सकाळ शांत असते आणि दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो. तो ज्या काठावर आपटतो तिथे पाणी ढवळून निघतं. पाठीवर वारा येईल असा काठ निवडला तर फेकही लांब जाते आणि समोर पाणीही बरं असतं.

तिसरी पायरी: जागा

जिताडा पाण्यात भटकत शिकार शोधत नाही, तो आडोशाला उभा राहून वाट बघतो. तोंड प्रवाहाकडे, अंग ओढ कमी असलेल्या जागी. म्हणून तुम्हाला तीन गोष्टी एकत्र शोधायच्या आहेत: आडोसा, वाहतं पाणी आणि छोट्या मासळीची ये-जा. तिवरांतून निघणारा ओहोळ खाडीला मिळतो ते तोंड, खारबांधाची उघाडी (पाणी सोडायची झडप), जुन्या धक्क्याचे दगड, बुडालेलं लाकूड, खाडीच्या वळणाची बाहेरची खोल बाजू. उतरत्या पाण्यात ओहोळाचं गढूळ पाणी आणि खाडीचं पाणी यांच्यामध्ये स्पष्ट रेघ दिसते. कोळंबी आणि बोयची पिल्लं त्या रेघेवर बाहेर ढकलली जातात. गरी तिथे पडायला हवी.

ओहोटी पूर्ण झालेली असताना एकदा रॉड न घेता नुसतं पाहायला जा. तळ कुठे खोल आहे, खुंट कुठे आहेत, जाळी कुठे लागतात, सगळं उघडं दिसतं. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. भरतीला तीच जागा सपाट पाण्याखाली गेलेली असते, तेव्हा हे फोटो उपयोगी पडतात.

आता कुठे जाऊ नये. ऐरोली ते वाशी पुलाच्या मधला ठाणे खाडीचा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांत) गेला. तिथे परवानगीशिवाय गरी टाकायची नाही. विहार आणि तुळशी तलाव राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहेत, तिकडेही नाही. पवईत गळाची मासेमारी महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशनच्या सभासदांसाठी आहे, आणि त्या तलावात मगरी आहेत हे विसरू नका. बंदराच्या, नौदलाच्या जेट्ट्या आणि पूल यांपासून लांब राहा. तिवराची एक फांदीही तोडू नका, मग गरी अडकली तरी तंगूस (नायलॉनचा दोर) तोडा. कांदळवन तोडणं गुन्हा आहे, आणि जिताड्याचं बालपण त्याच मुळांमध्ये जातं.

कोळीवाड्याजवळच्या काठावर गेलात तर आधी बोला. "काका, इथे गरी टाकली तर चालेल ना? डोळ कुठवर लावलीय?" एवढं विचारलं की बहुतेक जण जागाही दाखवतात आणि पाणीही सांगतात. त्यांची डोळ (खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं मोठं जाळं), त्यांचे खुंट, त्यांच्या होड्यांचा रस्ता यांच्या आसपास फेकू नका. हे त्यांचं पोट आहे, आपली हौस.

चौथी पायरी: सामान

सात ते आठ फुटांचा मध्यम ताकदीचा रॉड, ३००० किंवा ४००० आकाराचं स्पिनिंग रील, २० ते ३० पौंडांची ब्रेडेड लाईन. पुढे हातभर ते वावभर ४०-५० पौंडांचं जाड तंगूस लीडर (लाईन आणि गरी यांमधला तुकडा) म्हणून बांधायलाच हवं. जिताड्याचे दात बारीक असतात, कानसेसारखे खरखरीत, ते दोर हळूहळू झिजवतात. गालफडाच्या झाकणाची कड मात्र सुरीइतकी धारदार असते आणि बारीक दोर एका झटक्यात कापते. दोर आणि लीडर जोडायला डबल युनी गाठ शिका. घरी बसून वीस वेळा बांधा, डोळे मिटून जमेपर्यंत, कारण पहाटे अंधारातच ती बांधावी लागते. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा.

जिवंत आमिषासाठी ४/० किंवा ५/० ची सर्कल गरी (टोक आत वळलेली) घ्या. ती माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात लागते, पोटात जात नाही. त्यामुळे सोडून दिलेला मासा जगतो. ल्यूर दोनच पुरेत: ९ ते १२ सेंटिमीटरचा उथळ बुडणारा मिनो (छोट्या माशाच्या आकाराचं कडक ल्यूर) आणि १०-१५ ग्रॅमच्या जिगवर (शिशाचं डोकं असलेल्या गरीवर) चार इंची रबरी मासोळी. गढूळ पाण्यात गडद किंवा सोनेरी, निवळ पाण्यात चंदेरी. लांब दांड्याची जाळी, पक्कड, हेडलॅम्प, पाण्याची बाटली, टोपी. पायात जाड तळव्याचे, घट्ट बसणारे बूट हवेत, कारण दगडांवरची कालवं पाय चिरतात. चपला चिखलात राहतात.

रॉडशिवाय सुरुवात करायची तर फळीला गुंडाळलेलं जाड तंगूस, शिसं आणि गरी एवढ्यावरही होते. खाडीकाठावर कित्येक जण आजही तसंच गरवतात आणि मासे काढतात.

आमिष

जिवंत कोळंबीला तोड नाही. पहाटे पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकून परतणाऱ्याकडून मूठभर घ्या. डोक्यावरच्या काट्याखालून, आत दिसणाऱ्या काळ्या ठिपक्याच्या पुढून गरी काढली तर ती बराच वेळ जिवंत राहते. ठिपक्याला लागली की मेलीच. बोयचं पिल्लू मिळालं तर पाठीच्या पराच्या थोडं मागे, कण्याच्या वरून गरी घाला. चैत्रापासून बादलीतलं पाणी तासाभरात तापतं आणि आमिष मरतं. बॅटरीचा एअर पंप लावा, बादली सावलीत ठेवा आणि घरून गोठवलेली पाण्याची बंद बाटली त्यात सोडा.

पाचवी पायरी: फेक, ओढ, झटका

ओहोळाच्या तोंडाशी तुम्ही प्रवाहाच्या खालच्या बाजूला उभे राहा आणि वरच्या बाजूला तिरकं फेका. आमिष प्रवाहाबरोबर आडोशाजवळून जाऊ द्या, कारण मासा तिकडूनच खाणं येण्याची वाट बघत असतो. प्रवाहाच्या उलट दिशेने पोहणारी कोळंबी त्याने कधी पाहिलेली नसते. गरी आडोशापासून हातभर अंतराच्या आत पडली पाहिजे. दोन मीटर लांब पडलेल्या आमिषासाठी थंड पाण्यातला जिताडा जागेवरून हलत नाही.

ल्यूर ओढण्याचा वेग थर्मामीटरवरून ठरवा. २५-२६ ला दोन हलके झटके, मग थांबा, चार-पाच सेकंद नुसतं तरंगू द्या. घाव बहुतेकदा थांबलेल्या ल्यूरवरच येतो. २८ च्या पुढे थांबा कमी करा, ओढ वाढवा. एकाच जागी दहा-बारा चांगल्या फेकी झाल्या आणि काही नाही, तर पुढच्या ओहोळाकडे चला. पाणी उतरत जाईल तसा मासाही तोंडाकडून खोलीकडे सरकतो, त्याच्याबरोबर तुम्हीही सरका.

रात्री कान उघडे ठेवा. जिताडा पृष्ठभागावरची कोळंबी तोंड उघडून पाण्यासकट आत खेचतो, तेव्हा पोकळ टाळी वाजल्यासारखा आवाज येतो. तो ऐकू आला की दिवा पाण्यावर मारू नका. आवाजाच्या थोडं वरच्या बाजूला फेका.

सर्कल गरी असेल तर झटका द्यायचा नाही. दोर ताणला गेला की रील फिरवत राहा, गरी आपोआप बसते. ल्यूरवर मात्र एक जोरदार झटका हवा. पहिले काही सेकंद तो खुंटाकडे धावेल, तिथेच त्याला रोखायचं. त्यानंतर तो उडी मारून डोकं झटकतो. उडी मारताना रॉडचं टोक पाण्याकडे खाली करा, दोर अगदी सैल पडू न देता. दमला की जाळीत घ्या. दोराला धरून वर उचलू नका.

गरीला दरवेळी जिताडाच लागेल असं नाही. तांबोशी लागली तर आनंद आहे. शिंगाळा लागला तर हात सांभाळा, त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे विषारी असतात. पक्कड वापरा. उथळ पाण्यात उतरावंच लागलं तर पाय उचलून न टाकता घासत चाला, म्हणजे गाळात बसलेली पाकट आधीच सटकते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा.

जिवाची काळजी

उघड्या गाळात एकट्याने पाऊल टाकू नका, गुडघ्यापर्यंत रुतलेला माणूस भरती येताना स्वतःहून सुटेलच असं नाही. पाणी चढताना तुमच्या मागे आधी कुठे भरतं ते पाहून ठेवा. उधाणात ते तासाभरात मीटरभर चढू शकतं आणि परतीचा रस्ता कापतं. खाडीवरून विजेच्या तारा जातात, आणि रॉडमधलं ग्रॅफाइट वीज वाहून नेतं, म्हणून तारांखाली फेक नाही. मेमध्ये ढग गडगडले की रॉड आडवा ठेवून निघा. सोबत एक माणूस आणि अंगात लाइफ जॅकेट, हे रात्री तरी हवंच.

मासा हाती आल्यावर

कुठला ठेवायचा आणि कुठला सोडायचा, हे आधी ठरवा. जिताडा जन्मतः नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाला की मादी होतो. म्हणजे लहान मारला तर तो पुढे मादी होण्याआधीच गेला, आणि फार मोठा मारला तर लाखो अंडी घालणारी मादी गेली. मी मधला एखादा, दीड-दोन किलोचा ठेवायला सांगतो, बाकी सगळे पाण्यात. सोडायच्या माशाला ओल्या हातांनी धरा, एक हात जबड्याला, दुसरा पोटाखाली, आणि गालफडाच्या कडेपासून बोटं लांब. प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरून ठेवा, शेपटीने जोर लावला की सोडा. वैशाखात हे जास्त काळजीने करा. कोमट पाण्यात दमलेला मासा लवकर गुदमरतो, त्यामुळे फोटोसाठी त्याला उन्हात धरून बसू नका.

ठेवायचा असेल तर लगेच मारून, रक्त काढून, बर्फात घाला. माहीमच्या खाडीतला, मिठीच्या तोंडाचा किंवा नाल्याच्या आसपासचा मासा खाऊ नका. मनोरी-गोराई किंवा उरणकडचा असेल तर जाड तुकड्यांचं कालवण करा, आणि चैत्र असेल तर त्यात कोकमाऐवजी कैरी घालून पाहा.

तुटलेलं तंगूस खिशात घालून घरी आणा. फ्लेमिंगो मेपर्यंत खाडीत असतात आणि चिखलात पडलेला दोर त्यांच्या पायांत अडकतो. रील गोड्या पाण्याने धुऊन पुसा, नाहीतर पुढच्या खेपेला फिरणार नाही.

मेच्या मध्यानंतर नैर्ऋत्येचा वारा धरतो आणि उघड्या किनाऱ्यावर लाटा वाढतात, तेव्हा खाडीच्या आतल्या काठांवरच राहा. पहिला मोठा पाऊस झाला की रॉड उभा करून ठेवा. मोठे मासे तेव्हा अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे जातात, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्याही बंद असतात. थर्मामीटर आणि वही पुढच्या माघासाठी सांभाळून ठेवा. पहिल्या वर्षीचे आकडे दुसऱ्या वर्षी जागा निवडताना फार उपयोगी पडतात.